ग्रेड वाचायचा तो पडणाऱ्यासाठी

पत्र: चवथीला पुण्याहून दीर-जाऊ आणि त्यांचा २२ वर्षांचा मुलगा येतोय. त्याने कोलाडला राफ्टिंग केलंय, आणि आता त्याला 'ग्रेड चारच्या खाली काही नको'. सगळ्यांनी मिळून म्हादईवर जायचा बेत चाललाय. मी ४७ वर्षांची, पोहता येत नाही. कळंगुटला बनाना राइडवर बसले होते, तेवढाच पाण्याचा अनुभव. ह्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, साखरही आहे, पण चारचौघांत ते सांगायला तयार नाहीत. मुलगी १३ वर्षांची, कांपालच्या तलावात पोहायला शिकली आणि तिला वाटतं आपल्याला सगळं येतं. मी नको म्हटलं तर सगळ्यांचा विरस होणार, हो म्हटलं तर माझी झोप उडणार. आम्ही कुठली ट्रिप घ्यावी? – पर्वरीहून एक वाचक

ताई,

निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. म्हादईवर जरूर जा, पण पाणी बेताचं असेल त्या दिवशी. तारीख हट्टाने धरून बसू नका. तुम्ही बसायला हरकत नाही. मुलीचं वयाच्या अटीवर ठरेल. यजमानांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय राफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. आणि पुतण्याची ग्रेड चारची हौस या सहलीत भागवायची नाही. ती वेगळ्या नदीवर, वेगळ्या ऋतूत, त्याच्या बरोबरीच्या लोकांसोबत.

आता हे ग्रेडचं प्रकरण. रस्सा किती तिखट हवा असं विचारावं तसा हा शब्द जाहिरातीत वापरतात, आणि तरुण पोरं साहजिकच 'तिखट द्या' म्हणतात. नद्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी १ ते ६ अशी आहे. १ म्हणजे नुसतं वाहतं पाणी. २ मध्ये वाट रुंद आणि सरळ, खडक दुरून दिसतात. ३ मध्ये लाटा वेड्यावाकड्या येतात, वळणं असतात, आणि गाईडच्या हुकमाबरोबर सगळ्यांची पॅडल चालली नाहीत तर राफ्ट आडवी होते. ४ मध्ये पाण्याचा जोर मोठा, वाट अरुंद, नेमकी रेषा पकडावी लागते. ५ तज्ज्ञांचं काम आणि ६ च्या वाटेला जवळजवळ कुणी जात नाही.

गंमत अशी की राफ्टमध्ये नीट बसून राहिलेल्या माणसाला ३ आणि ४ मधला फरक फारसा जाणवत नाही. दोन्हीकडे तो भिजतो, ओरडतो, खूश होतो. फरक कळतो तो पाण्यात पडलेल्याला. २ मध्ये पडलात तर थोडं वाहत जाता आणि राफ्ट तुम्हाला गाठते. ३ मध्ये चार लाटा तोंडावर बसतात, कधी लांब वाहत जावं लागतं आणि दोरी फेकणारा माणूस हवा असतो, पण मोठी दुखापत सहसा होत नाही. ४ मध्ये आपल्या बळावर बाहेर येणं कठीण, आणि वाचवणाऱ्यांनाही सराव लागतो. म्हणून ग्रेड वाचायचा तो पडणाऱ्यासाठी. 'एवढं आपल्याला झेपेल का' असं विचारू नका. 'आपल्यातलं कोण या पाण्यात पडलं तरी चालेल' असं विचारा. ज्याचं नाव घेताना जीभ अडखळते, ट्रिप त्याच्या मापाची घ्यायची.

बनाना राइडचा अनुभव इथे धरू नका. तिथे मुद्दाम पाडतात, पाणी जागच्या जागी हलतं आणि होडी वळून तुमच्याकडे येते. नदी कुणासाठी थांबत नाही. पडल्यावर तुम्ही, राफ्ट आणि पाणी तिघंही एकाच दिशेला निघालेले असता आणि दोन्ही तीरांवर खडक असतात.

म्हादईबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. कळसा-भांडुऱ्याच्या पाण्याच्या वादामुळे या नदीचं नाव आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचतोय, पण सत्तरीत तिच्या पात्रात उतरलेले गोवेकर थोडेच. गोवा पर्यटन विकास महामंडळाने २०१२ मध्ये इथे राफ्टिंग सुरू केलं. वाळपईला जमायचं, तिथून उस्त्याकडे जायचं, आणि साधारण १० किलोमीटर खाली सोनाळला बाहेर पडायचं. एरवी हा पट्टा २ ते ३ ग्रेडचा. ही पावसाची नदी आहे. या पट्ट्याच्या वर पाणी अडवून मोजून सोडणारं मोठं धरण नाही. कोलाडची कुंडलिका आणि दांडेलीची काळी वीजघरांच्या पाण्यावर चालतात. भिऱ्याचं किंवा सुपा धरणाचं पाणी सुटतं तेव्हा राफ्ट निघतात, आणि आजचं पाणी बरंचसं कालच्यासारखंच असतं. म्हादईला असा वरून कुणी नळ सोडत नाही. काल गुडघ्याइतका दिसणारा खडक आज पाण्याखाली गडप असतो आणि त्याच जागी पाणी उलटं फिरत असतं. त्याच १० किलोमीटरांचा ग्रेड एका रात्रीत चढतो. वेबसाइटवर लिहिलेला आकडा नेहमीच्या पाण्याचा असतो, तुमच्या दिवसाचा नव्हे.

आणि पर्वरीला ऊन आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. म्हादई उगम पावते कर्नाटकात, खानापूर तालुक्यातल्या घाटमाथ्याच्या रानात. पाऊस तिकडे पडतो आणि पाणी इकडे चढतं. वाळपईचा पाऊसही आपल्याकडच्या सर्वात जास्त पावसांपैकी. काठावर उभं राहिल्यावर एक गोष्ट कुणीही ओळखू शकतं: पाणी गढूळ तांबडं आहे, वर फेस आहे आणि त्याबरोबर पालापाचोळा, काटक्या, एखादा ओंडका वाहत येतोय, तर पाणी चढतंय. पाणी निवळत असेल आणि काठाच्या दगडांवर ओला पट्टा उघडा दिसत असेल, तर उतरतंय. चढत्या पाण्याचा मला धाक वाटतो. ते आदल्या दिवशी काठावर पडलेली झाडं उचलून आणतं. पाण्यात आडवं अडकलेलं झाड खडकापेक्षा वाईट: खडकाला वळसा घालून पाणी माणसाला बाजूने नेतं, झाडाच्या फांद्यांतून पाणी तेवढं निघून जातं आणि माणूस अडकतो.

त्या मानाने चवथीचा मुहूर्त तुमच्या पथ्यावर पडणारा आहे. जुलैतला जोर बहुधा ओसरलेला असतो, पात्रात पुरेसं पाणी असतं, ऊनही पडतं. मधेच एखादी झोड आली तर मात्र हिशेब पुन्हा पहिल्यापासून. सकाळची फेरी घ्या. सप्टेंबरात दुपार कलली की गडगडाट सुरू होतो, आणि विजा चमकताना नदीत असू नये. शक्य असेल तर पाहुण्यांच्या मुक्कामातले दोन दिवस मोकळे ठेवा आणि पाणी बघून एक निवडा. गणपती दीड दिवसाचा असो की पाच, एवढी सोय घरातल्या घरात लावता येते.

बुकिंग करताना पैशांची घासाघीस करण्याआधी फोनवर हे विचारा: 'पाणी कुठपर्यंत चढलं की तुम्ही ट्रिप रद्द करता?' हा प्रश्न माझ्या विशेष आवडीचा आहे. नदी ओळखणारा माणूस पुलाच्या खांबावरची खूण सांगतो, नाहीतर अमुक खडक बुडाला की आम्ही निघत नाही असं सांगतो. 'काय होत नाही हो, या तुम्ही, लहान पोरं पण येतात' असं उत्तर आलं की नमस्कार करून फोन ठेवायचा. मग पैसे परत मिळतात का ते विचारा. परत देणारा धंदेवाला रद्द करायला कचरत नाही. न देणाऱ्याला गिऱ्हाइकाचा राग आणि नदीचा राग यांतून एक निवडावा लागतो. एका राफ्टमध्ये गाईड सोडून किती माणसं बसवतात हेही विचारा. सहा ते आठ ठीक. सीझनच्या गर्दीत दहा-बारा कोंबणारे भेटतात, आणि जड राफ्ट वळत नाही. गाईडकडे आंतरराष्ट्रीय राफ्टिंग फेडरेशनचा दाखला आहे का, वाहत्या पाण्यातल्या बचावाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालंय का, सोबत दुसरी राफ्ट किंवा बचावाची कयाक (छोटी, निमुळती होडी) असते का, हे विचारायला संकोच कसला? आपण भाजी घेतानाही चार भेंड्या मोडून बघतो. शेवटी, रस्त्यापासून नदीपर्यंत किती चालायचं तेही विचारून ठेवा. पावसात ती निसरडी पायवाट कुणाकुणाला राफ्टिंगपेक्षा जड जाते, आणि सत्तरीच्या रानात जळवा असतात.

तुमच्या मिस्टरांचं. स्टेंट आहे म्हणजे राफ्टिंग कायमचं बंद असं नाही, पण हा निर्णय तुमचा, माझा किंवा राफ्टवाल्याचा नाही. डॉक्टरांना 'पाण्यात सहल आहे' असं गुळमुळीत सांगू नका. सांगा की दीड-दोन तास अधूनमधून जोरात पॅडल मारायचंय आणि अचानक पाण्यात पडून धडपडावं लागू शकतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर खडकावर डोकं किंवा ढोपर आपटल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो, तेही विचारा. डॉक्टर हो म्हणाले तरी साखरेचं गाईडला सांगावंच लागेल. सकाळी नीट नाश्ता, आणि ग्लुकोज गाईडच्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. चारचौघांत सांगायचं नसेल तर गाईडला बाजूला घेऊन सांगा, पाव्हण्यांना कळण्याची गरज नाही. निघण्यापूर्वी एक फॉर्म भरायला देतात, त्यात आजार विचारलेले असतात. तिथे 'काही नाही' लिहून सही ठोकणं ही आपल्याकडची वाईट खोड आहे. तो फॉर्म वाचून गाईड कुणाला कुठे बसवायचं ते ठरवतो. डॉक्टर नको म्हणाले तर ह्यांना गाडी घेऊन सोनाळला पाठवा. कोरडे कपडे आणि गरम चहा घेऊन उभा असलेला माणूस त्या वेळी सगळ्यांना देवासारखा वाटतो, त्यात त्यांचा मानही राहतो.

मुलीबद्दल. वयाची अट ज्याची त्याची वेगळी असते, ऋषिकेशला १४ ची आहे. फोनवर खरं वय सांगा, 'चौदावं लागलंय' असलं काही नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लाइफ जॅकेट. मोठ्यांचं जॅकेट मुलीला ढगळ झालं तर पाण्यात ते वर तरंगतं आणि आतलं माणूस खाली घसरतं. पट्टे आवळल्यावर तिच्या खांद्यांवरून जॅकेट दोन्ही हातांनी जोरात वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर दुसरं मागा. हेल्मेटही असंच, हनुवटीचा पट्टा बांधल्यावर कपाळावर मागे सरकता कामा नये. मापाचं नसेल तर ती त्या दिवशी बसणार नाही, मग कितीही रडली तरी. कांपालच्या तलावात ती छान पोहत असेल, पण तिथे दमल्यावर कडा धरता येते. नदीत तिने पोहण्याची हुशारी दाखवायची नाही, आणि हे तिला घरीच सांगून ठेवा, काठावर ऐकण्याच्या मनःस्थितीत ती नसेल.

आता तुम्ही. पोहता येत नाही ही तुम्हाला वाटते तेवढी मोठी अडचण नाही. २-३ ग्रेडच्या पाण्यावर न पोहणारे पुष्कळ जण जातात, जॅकेट तरंगवतं. तोंडावर पाणी आल्यावर तुमचा श्वास अडकतो का, घाबरून शेजारच्याच्या गळ्याला मिठी मारता का, हे बघायला हवं. मुलीबरोबर तलावावर जा, तिथल्या प्रशिक्षकाला सांगून लाइफ जॅकेट घाला आणि पाण्यात पाठीवर पडून राहा. नाकातोंडात दोन-चारदा पाणी जाऊ द्या. पाच मिनिटं शांतपणे तरंगता आलं तर तुम्ही म्हादईला तयार आहात. अंग ताठ झालं, श्वास लागला, तर या वर्षी तुम्हीही सोनाळला, किंवा दसऱ्यानंतर गणेशगुडीला काळी नदीवर छोटी फेरी घ्या. पर्वरीहून अडीच-तीन तासांची वाट आहे, आणि तिथलं पाणी वीजघराच्या शिस्तीत वागतं.

तलावात जी पाठीवर पडायची सवय कराल तीच नदीत कामाला येते: पाठ खाली, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, पावलं पाण्यावर दिसतील इतकी वर. खडक आला तर पावलांनी ढकलायचा. आणि पाणी कमरेइतकंच दिसलं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. हे सगळ्यात विरुद्ध वाटतं, पाय टेकला की माणसाला हायसं होतं. पण पाऊल दोन दगडांत अडकलं आणि मागून पाण्याने ढकललं की माणूस तोंडावर पडतो आणि उठता येत नाही. काठाजवळ, संथ पाण्यात, बूड टेकेल इतकं उथळ आलं की मगच उठायचं. पुतण्यालाही हे ऐकवा, कमरेइतक्या पाण्यात ऐटीत उभे राहणारे बहुतेक त्याच्याच वयाचे असतात.

राफ्टमध्ये मागून दुसरी जागा मागून घ्या, गाईडच्या हाताशी. पुढच्या दोन जागा पुतण्याला आणि दिराला द्या. लाटा तिथे फुटतात आणि पॅडलचा ठेका तिथून ठरतो, मुलाची हौसही भागेल. पाय नीट अडकवायची जागा गाईड दाखवेल, ती घाईत समजून घेऊ नका, खरी पकड हातात नाही तर पायात असते. पॅडलच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरचा तळहात काही झालं तरी सोडायचा नाही. मोकळी सुटलेली ती मूठ उसळीबरोबर थेट शेजारणीच्या दातांवर बसते, आणि तुमच्या शेजारी जाऊबाई असणार! अंगठ्या, मंगळसूत्र, बांगड्या घरी. बोटातली अंगठी दोरीत अडकते. जीन्स नको, भिजली की दगडासारखी होते. लवकर वाळणारी पँट-टीशर्ट आणि मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट. चष्म्याला दोरी बांधा. आदल्या रात्री बाटल्या उघडल्या गेल्या असतील तर त्या मंडळींनी सकाळी यायचं नाही, याबाबत मी कुणाच्याही दिराची भीड ठेवणार नाही.

काठावर गाईड हुकूम शिकवतो: पुढे, मागे, थांबा, खाली बसा, एका बाजूला सरका. तेव्हा फोटो काढत बसू नका. आणि तेवढ्या वेळात गाईडकडे लक्ष द्या. तो प्रत्येकाचं जॅकेट स्वतःच्या हाताने ओढून बघतो का, न पोहणारे कोण ते विचारतो का, पडल्यावर काय करायचं हे सांगतो का? हे न करता 'चला चला' करत असेल तर पैसे भरलेले असले तरी माघार घ्या. काठावरून परत फिरता येतं, पहिल्या रॅपिडनंतर, म्हणजे खडकांतून खळाळत जाणाऱ्या पाण्याच्या पहिल्या टप्प्यानंतर, मधे उतरायला बहुतेक ठिकाणी रान आणि कातळच असतो.

पुतण्याला माझा एवढाच निरोप द्या. कोलाड २-३ ग्रेडचं आहे, त्यामुळे पाणी बऱ्यापैकी असलेली म्हादई त्याला कमी वाटायची नाही. खरंच चारचं पाणी हवं असेल तर पुढच्या पावसाळ्यात कोडगूची बारापोळे, नाहीतर ऋषिकेश. ऋषिकेशला जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं, सप्टेंबरअखेर पुन्हा सुरू होतं. आधी शिवपुरीपासूनचा १६ किलोमीटरचा पट्टा, तो पचला तर कौडियाल्यापासूनचा लांबचा, जिथे 'द वॉल' नावाचा रॅपिड मोठ्या पाण्यात पाचापर्यंत जातो. जाण्याआधी राफ्टमधून मुद्दाम पडून परत चढण्याचा सराव करून घेणारा गाईड शोधायचा. त्या सहलीला काका-काकूंना न्यायचं नाही.

गाडीची किल्ली खिशात ठेवून कुणी राफ्टमध्ये बसू नका, हल्लीच्या किल्ल्या भिजल्या की गाडी उघडत नाही. ती ह्यांच्याकडे द्या, ते येणार नसतील तर ऑपरेटरच्या काठावरच्या माणसाकडे.